सासूबाईंच्या हातून सत्तावन्न वेळा

माणसानं आपल्या सासूच्या हातून किती वेळा मरावं याला काही धरबंध असावा, असं माझं आता अनुभवांती मत झालं आहे. मी सत्तावन्न वेळा मेलो. त्यातले चोपन्न मृत्यू साक्षीदारासमोर झाले आणि त्यांची रीतसर नोंद आहे. उरलेल्या तीन वेळी साक्षीदार दात काढायला गेला होता. म्हणजे पेशंटचे. तो आमच्या समोरच्या ब्लॉकमधला दंतवैद्य आहे, आणि त्याच्याविषयी मला पुढे बरंच बोलायचं आहे, कारण माझ्याविषयी त्यानं अख्ख्या इमारतीत आधीच बरंच बोलून ठेवलं आहे.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदाराचा तराजू खरा की खोटा हे मी नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगतो. पावलं दुकानदाराची, मला पाहून आत पळतानाची. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपण स्वतः मोजायचं, तीनदा मोजायचं, साक्षीदारासमोर मोजायचं आणि सरासरी काढायची. या तत्त्वापायी मी आजवर दोन भाचे, एक साडू आणि कोपऱ्यावरचा किराणावाला एवढी माणसं तोडली आहेत. पण तत्त्व ते तत्त्व.

झालं असं, की आमची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. रोज संध्याकाळी सातला तिचा आजीला फोन यायचा. "जेवलीस का?" "आत्ता कुठे? तू?" "नंतर." "बरं." खलास. दोन मिनिटांत आजी-नातीचं प्रेम संपून जायचं आणि सासूबाई फोन हातात धरून पुढचा तासभर तशाच बसायच्या. शेवटी मुलीनं एक शक्कल काढली. तिनं आजीच्या टॅबलेटवर तो गोळीबाराचा गेम टाकून दिला आणि तिला आपल्या टीममध्ये घेतलं. झालं! तेव्हापासून सात ते आठ आमच्या हॉलमध्ये युद्ध सुरू. चौघांची टीम, कानाला हेडफोन, आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई ओरडताहेत, "अगं डावीकडे बघ, डावीकडे! गच्चीवर एक मेला लपलाय!" मध्येच "पाठ दुखतेय का अजून तुझी?" आणि लगेच "बॉम्ब टाक, बॉम्ब टाक!" त्या तासात दोघी जे बोलायच्या ते फोनवर वर्षभरात बोलल्या नसतील.

आणि एका बुधवारी सासूबाई आठच्या ऐवजी सव्वासातलाच हेडफोन काढून बसल्या.

"काय झालं आई?" मी विचारलं.

"काही नाही. त्यांच्या त्या कॅप्टनचं बरोबर आहे. पुढच्या रविवारी त्यांची मोठी स्पर्धा आहे. माझ्यामुळे हरतील सगळे."

कॅप्टन म्हणजे मुलीच्या ऑफिसातला एक पोरगा. त्यानं म्हणे आकडेवारी काढली होती. समोर शत्रू दिसल्यापासून त्याला मारेपर्यंत बाकीच्यांना दीड सेकंद लागतो, आजींना चार. स्पर्धेआधी आजी दोन सेकंदांच्या आत आल्या तर ठीक, नाहीतर त्यांच्या जागी दुसरा कुणीतरी. आणि रोजचा सराव त्या दुसऱ्याबरोबर.

"मी आपली फोन करत जाईन तिला," सासूबाई म्हणाल्या. "जेवलीस का म्हणून विचारीन." आणि टॅबलेटला खोळ घालून आत निघून गेल्या.

मला राहवलं नाही. एक तर त्यांचा तो चेहरा. आणि दुसरं म्हणजे कुणीतरी माझ्या घरातल्या माणसाचं मोजमाप करून गेलं होतं, तेही एकदाच मोजून! मी मुलीला फोन लावला आणि म्हटलं, दोष आजीचा नाही, हत्याराचा असणार. तुम्ही तिला भलतीच बंदूक दिली असेल.

"बाबा, सगळ्या गनचे आकडे गेममध्ये लिहिलेले असतात. कुठली किती डॅमेज करते, सगळं."

"लिहिलेले!" मी म्हणालो. एवढ्यानं तिला कळायला हवं होतं.

मी ते आकडे पाहिले आणि माझं रक्त उसळलं. गेममध्ये एकोणीस हत्यारं. प्रत्येकाच्या खाली एका गोळीचं नुकसान किती ते लिहिलेलं, पण माणूस मरायला वेळ किती लागतो याचा पत्ता नाही. आता पातेलं रिकामं करायला तुम्ही दर दोन सेकंदांनी एक डाव घालता, की सेकंदाला आठ चमचे मारता, यावर सगळं अवलंबून नाही का? नुसता डाव मोठा आहे म्हणून काय उपयोग? ही तर ग्राहकांची सरळसरळ दिशाभूल. मी त्याच रात्री जेवतानाच जाहीर केलं, की एकोणीसच्या एकोणीस हत्यारांची मी स्वतः तपासणी करणार आणि आईंना प्रमाणित बंदूक मिळवून देणार.

"मरायला माणूस लागेल तुम्हाला," पत्नी म्हणाली.

"मी मरीन," मी म्हणालो. वाढता वाढता तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

व्यवस्था चोख केली. गेममध्ये सरावासाठी दोघांपुरतं एक मैदान उघडता येतं. तिथे वीस पावलांवर, पांढऱ्या रेघेवर, मी उभा राहायचं. गेममधला माझा माणूस फुकटातला, म्हणजे अंगात बनियन आणि पायात काही नाही. सासूबाईंनी पलीकडच्या खुर्चीवरून मला मारायचं. मी "सुरू" म्हटलं की पत्नीनं घड्याळ दाबायचं, मी मेलो की थांबवायचं. डॉक्टर साक्षीदार. प्रत्येक हत्याराला तीन मृत्यू. क्रम गेममधल्या यादीप्रमाणे, सर्वांत भारी रायफलीपासून खाली गंजक्या पिस्तुलापर्यंत. मधलं एकही सोडायचं नाही, पुढचं आधी घ्यायचं नाही. खात्याचा नियमच आहे तसा.

"सुरू!" मी म्हणालो.

काहीच झालं नाही.

"आई, सुरू म्हटलं."

"अहो, पण तुम्ही नुसते उभेच आहात."

"उभाच राहणार. नमुना आहे मी."

"निदान वळून तरी उभे राहा. तोंडावर कशी झाडू गोळी? जावई माणूस!"

"नियमाप्रमाणे समोरूनच हवी."

"देवा रे," त्या म्हणाल्या. मग चष्मा सारखा केला, "रागावू नका हं" म्हणाल्या, डोळे मिटले आणि झाडली. मी मेलो. अकरा पूर्णांक दोन सेकंद. दुसऱ्या वेळी दहा. तिसऱ्या वेळी मध्येच त्यांनी मला पाणी हवं का विचारलं, त्यामुळे पुन्हा अकरा.

"रायफल बोगस आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांना हत्यारातलं काही कळत नाही, पण मत देण्याची हौस दांडगी. "माणूस जरा वाकडा उभा राहिला तर गोळी लवकर लागते. मी दाढ काढताना पेशंटला असाच..." त्यांना मी गप्प केलं. पण ते गप्प बसण्यातले नव्हेत. चौथ्या हत्याराला त्यांनी सुचवलं, मी तोंड उघडं ठेवावं.

पहिल्या संध्याकाळी सात हत्यारं झाली. माझे एकवीस मृत्यू झाले. सासूबाईंचं "रागावू नका हं" पाचव्या हत्यारापर्यंत टिकलं, सहाव्याला नुसतं "हं" उरलं. दुसऱ्या संध्याकाळी त्या माझ्याआधी खुर्चीत येऊन बसल्या होत्या. तेराव्या हत्याराला त्या म्हणाल्या, "सरळ उभे राहा." सतराव्याला मी अजून "सुरू"मधला "सु" म्हणतोय तोच मेलो. एकोणिसावं ते गंजकं पिस्तूल. तिसऱ्या संध्याकाळी, शेवटच्या तीन मृत्यूंना सासूबाई मोठ्यानं हसल्या. वेळ, एक पूर्णांक एक सेकंद.

"वा!" मी म्हणालो. "हेच ते हत्यार!"

खरं सांगतो, मला भरून आलं. मी एक सुबक तक्ता केला. अनुक्रमांक, हत्यार, अंतर, किती गोळ्यांत मृत्यू, मृत्यूस लागलेला वेळ, शेरा. घरातला प्रिंटर बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात छापायला दिला आणि जरा चहाला गेलो. ऑफिसच्या प्रिंटरचा स्वभाव असा, की आपला कागद तो आपण चहाला गेल्याशिवाय बाहेर टाकत नाही. परत येतो तो साहेबांचं बोलावणं.

साहेबांनी दार लावून घेतलं. मला पाणी दिलं. टेबलावर माझा तक्ता. वर ठळक अक्षरांत मथळा, "सासूबाईंच्या हस्ते जावयाचा मृत्यू : तुलनात्मक तपासणी". शेऱ्यांच्या रकान्यात ओळीनं, "हळहळल्या", "कमी हळहळल्या", "हळहळ नाही", "हसल्या".

"घरी सगळं ठीक आहे ना?" साहेब हळूच म्हणाले.

मी सगळं समजावून सांगितलं. डाव, चमचे, पातेलं, सगळं. साहेबांनी तक्ता पालथा घातला. मग म्हणाले, "तुमची चार दिवसांची रजा पेंडिंग होती ना? घ्या. आजपासूनच घ्या." तीन महिने अडलेली रजा अशी मंजूर झाली. निघताना त्यांनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली. का, ते मी विचारलं नाही. त्यांच्याही सासूबाई त्यांच्याकडेच असतात.

घरी आलो तर माझ्या मोबाईलवर गेमच्या कंपनीकडून निरोप. एक खेळाडू तुम्हाला वारंवार लक्ष्य करत असल्याचं आमच्या लक्षात आलं आहे, कृपया खालील प्रश्नांची खरी उत्तरं द्या. आता ज्या माणसानं जन्मभर लोकांकडून खरी उत्तरं मागितली, तो काय करणार? या खेळाडूनं तुम्हाला सत्तावन्न वेळा मारलं का? होय. तेव्हा तुमच्या हातात हत्यार होतं का? नाही. तुम्ही प्रतिकार केला का? नाही. ही व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का? होय. तुमच्याच घरात राहते का? होय. शेवटी त्यांनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं आणि मन मोकळं करण्यासाठी एक फोन नंबर दिला. मला वाटलं, किती जबाबदार कंपनी!

पाचच मिनिटांत हॉलमधून सासूबाईंची हाक आली. "अहो, हे उघडत का नाही? म्हणतंय, खातं चौदा दिवस बंद. एका पीडित खेळाडूच्या तक्रारीवरून."

पीडित खेळाडू दारातच उभा होता.

"तुम्ही आईवर तक्रार केलीत?" पत्नी म्हणाली.

"मी फक्त खरं सांगितलं."

"चोवीस वर्षं ती तुम्हाला वरच्या आवाजात बोलली नाही. आणि तुम्ही तिला गुन्हेगार करून मोकळे झालात?"

सासूबाईंनी मात्र माझ्यासाठी चहा ठेवला. त्या चहापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या हो! गुरुवार होता. स्पर्धा रविवारी. आणि चुकी सपशेल माझी.

तक्रार करायला पाच बटणं लागली होती, मागे घ्यायला तीन दिवस लागले. पहिला प्रश्नच असा, की तुम्ही कुणाच्या दबावाखाली तर तक्रार मागे घेत नाही ना? नेमक्या तेव्हा माझ्या डाव्या खांद्यामागे पत्नी, उजव्या खांद्यामागे सासूबाई आणि सोफ्यावर डॉक्टर. मी "नाही" लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खोटं उत्तर. मग खुलासा मागितला, तोही मोजून तीनशे अक्षरांत. माझा खुलासा तीनशे अक्षरांत "महोदय, सविनय" इथपासून "उपरोक्त विषयास अनुसरून"पर्यंतच पोचला. डॉक्टर म्हणाले, "तक्ताच जोडा की, पुरावा आहे." जोडला. हिंसक मजकूर म्हणून परत आला. मग एक यंत्र माझ्याशी गप्पा मारू लागलं. मी काहीही लिहिलं तरी ते म्हणे, तुम्ही किती त्रासातून जात आहात याची आम्हाला कल्पना आहे. शेवटी शनिवारी सकाळी फर्मान आलं. दोन्ही पक्षांनी शेजारी बसून, आपसात वैर नाही असं सांगणारा छोटा व्हिडिओ पाठवावा.

सोफ्यावर मी आणि सासूबाई. डॉक्टर मोबाईल धरून, "जरा हसा, दात दिसू द्या."

सासूबाईंनी केस सारखे केले आणि शांतपणे सांगितलं, "आमचे जावई फार सज्जन आहेत. मी त्यांना रोज मारते, पण ते कधी चकार शब्द काढत नाहीत."

पहिला व्हिडिओ रद्द केला. दुसऱ्यात त्या म्हणाल्या, "आता पुन्हा नाही मारणार, अगदी गरज पडली तरच." तिसऱ्यात दोघांनी काही न बोलता नुसते हात जोडले. तो पास झाला. शनिवारी संध्याकाळी सहाला खातं उघडलं आणि घरात पुन्हा माझ्याशी बोलणं सुरू झालं.

आता प्रमाणित हत्यार जाहीर करायचं तेवढं राहिलं होतं. मी मुलीला तक्ता पाठवला. लगेच फोन.

"बाबा, हे गंजकं पिस्तूल पहिल्या नंबरला? ते सगळ्यात भिकार आहे! लोक ते उचलतसुद्धा नाहीत."

"मोजलंय मी. तीनदा."

"आणि सगळ्यात भारी रायफल शेवटची? बाबा, तुम्ही यादीच्या क्रमानंच मोजलं ना? नीट बघा. एकेका गनला वेळ कमीच होत गेलाय, एकदाही वाढला नाही. हा बंदुकांचा तक्ता नाहीच. पहिल्या गनच्या वेळी आजीला तुमच्यावर गोळी झाडायचा संकोच वाटत होता, शेवटच्या वेळी उरला नव्हता. तुम्ही आजीचा संकोच मोजलाय!"

मी तक्ता पुन्हा पाहिला. शेऱ्यांचा रकाना तर वरून खालपर्यंत तेच ओरडून सांगत होता. सत्तावीस वर्षांची नोकरी, तीन-तीन वाचनं, साक्षीदार, सरासरी, आणि नेमकं जे मोजायचं ते सोडून भलतंच मोजलं! मी खाली बसलो. बाजूला डॉक्टर म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासूनच वाटत होतं." त्यांना काहीही वाटत नव्हतं.

"पण मग तिला चार सेकंद का लागतात?" मी विचारलं.

"बाबा, ती तीस वर्षं पोस्टात खिडकीवर होती. समोर माणूस आला की ती आधी बघते, याला काय हवंय. तेवढ्यात तो तिला मारून जातो."

यावर कुठल्या बंदुकीचा इलाज चालणार? मी सासूबाईंना जाऊन सगळं सांगितलं आणि माफी मागितली. चार दिवस फुकट गेले, खातं बंद पाडलं, आणि हाताला काही लागलं नाही. सासूबाई तक्त्याकडे बघत राहिल्या. वरून खाली बोट फिरवत "हळहळल्या"पासून "हसल्या"पर्यंत गेल्या.

"असू दे," म्हणाल्या. "उद्या बघू काय होतं ते."

रविवारी पाचला स्पर्धा. मुलीनं कॅप्टनकडून आजीसाठी एवढी एक संधी मागून घेतली होती. मला हॉलमध्ये बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. सासूबाईंनी हेडफोन लावला नाही, आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. पहिल्याच मिनिटात एका दारातून एक धिप्पाड शत्रू आला. मी मनात मोजायला लागलो. एक म्हणेपर्यंत तो आडवा! मुलगी ओरडली. मग जिन्यावर दुसरा, पडला. तिसरा, चौथा. सासूबाईंचा चेहरा शांत, ओठ पुटपुटताहेत, आणि अंगठा नुसता चाललाय. हातात कुठली बंदूक होती ते मी पाहिलंसुद्धा नाही, माझ्यासारख्या माणसानं ही गोष्ट कबूल करणं सोपं नाही. सात जण त्यांनी एकटीनं लोळवले. आठव्यानं त्यांना मारलं. टीम दुसरी आली.

"आजी!" कॅप्टन बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "एक सेकंद! सरासरी एक सेकंद! तुम्ही पक्क्या, आता कुठे जायचं नाही. पण केलंत काय? कुठली गन वापरलीत?"

"गनचं काही नाही रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. "समोरचा माणूस म्हणजे आमचे जावईच आहेत असं समजायचं, बस्."

तिकडे तिघेही खो खो हसले. इकडे पत्नी हसली. डॉक्टर तर सोफ्यावरून खाली आले. मी उठून गॅलरीत गेलो. माणसाला काही मान आहे की नाही? रजा घेतली, सत्तावन्न वेळा मेलो, कंपनीपुढे हात जोडले, आणि शेवटी मिळवलं काय, तर हे!

थोड्या वेळानं सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"रागावलात?"

"छे छे. मी कशाला रागावू?"

"रागावलात." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "अहो, परक्याच्या पोरावर गोळी झाडायची म्हणजे हात आखडतो माझा. कोण कुणाचा मुलगा, काय माहीत? तुमचं तसं नाही. तुम्ही घरचे. मारलं तरी उठून चहाला येणार, ही खात्री."

चोवीस वर्षांत त्या मला असं काही म्हणाल्या नव्हत्या. मी चहाचा घोट घेतला, जरा गरमच होता, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं.

"म्हणजे सातही जण मीच?" मी विचारलं.

"सातही तुम्हीच."

"मग आठव्याला का सोडलंत? तो तर समोरच होता, मी पाहिलं."

सासूबाई कठड्यावरून खाली बघत राहिल्या.

"तो मधोमध येऊन नुसता उभा राहिला हो, हात खाली सोडून. बनियनवरच होता. हुबेहूब तुम्ही दिसलात. मग नाही झालं माझ्याच्यानं."